मुलाची नजर म्हणजे सवलत नव्हे

युद्धपट एखाद्या मुलाच्या नजरेतून सांगितला की परीक्षणं ठरल्यासारखी येतात. निम्मी 'निरागस डोळ्यांनी टिपलेलं भीषण वास्तव' या धर्तीची आणि निम्मी 'लेकरू पुढे करून रडवायचा धंदा' या धर्तीची. पहिल्यांना इतिहासाच्या चुका दाखवल्या तर उत्तर तयार असतं: आठ वर्षांच्या पोराला काय कळणार? दुसऱ्यांना 'नेमकं कुठे रडवलं, ते दाखवा' म्हटलं तर ते थिएटरात डोळे पुसणाऱ्या लोकांकडे बोट दाखवतात. या प्रकारच्या सिनेमाचा निकाल ज्या प्रश्नावर लागायला हवा, तो मात्र दोघंही टाळतात. मुलाला जे कळत नाही, त्याचा भुर्दंड कोण भरतं?

मुलाला कमी कळतं आणि प्रेक्षकाला जास्त, हेच या सिनेमांचं भांडवल. ती फट दिग्दर्शकाने कशी वापरली हे पाहायचं. प्रेक्षकाला कामाला लावायला वापरली, की स्वतःचं न कळणं आणि न कळवणं झाकायला?

जानेवारी २०२० मधला वाद घ्या. ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीच्या स्मारक-संग्रहालयाने जाहीर सांगितलं, की होलोकॉस्टचा, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा इतिहास शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी जॉन बॉइन यांची 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' ही कादंबरी टाळावी. कादंबरी २००६ची, मार्क हर्मन यांचा तिच्यावरचा सिनेमा २००८चा. छावणीच्या कमांडंटचा मुलगा ब्रूनो तारांपलीकडच्या श्मुएल या ज्यू मुलाशी दोस्ती करतो, शेवटी तारांखालून आत शिरतो आणि त्याच्यासोबत गॅस चेंबरमध्ये मरतो. ही एक नीतिकथा आहे, तिला इतिहासाची फूटपट्टी लावू नका, असा तिचा बचाव नेहमी केला जातो.

तो बचाव मला पटत नाही. पण आक्षेप घेणारेही बऱ्याचदा चुकीच्या जागी बोट ठेवतात. 'छावणीत लहान मुलं नव्हतीच' हे सरसकट विधान खरं नाही. संग्रहालयाच्याच आकड्यांप्रमाणे सुमारे २ लाख ३२ हजार मुलं आणि किशोरवयीन ऑशविट्झला आणले गेले. त्यातल्या बहुतेक लहानग्यांना गाडीतून उतरल्याबरोबर मारलं गेलं. जी काही काळ तरी जगली, त्यांत कामाला लावण्याइतकी मोठी दिसणारी पोरं होती, मेंगेले या नाझी डॉक्टरच्या प्रयोगांसाठी वेगळी काढलेली जुळी होती आणि टेरेझीनच्या ज्यू वस्तीतून आणून कुटुंबांच्या वेगळ्या आवारात ठेवलेली मुलं होती. म्हणजे श्मुएल असणं एक वेळ शक्य आहे. तो रोज पहारा नसलेल्या, वीज नसलेल्या कुंपणाशी निवांत येऊन बसतो, हे शक्य नाही.

आणि हेही सोडून देता येईल. सोडता न येणारी गोष्ट आहे शेवटच्या भागाच्या संकलनात. एकीकडे ब्रूनोचे आईवडील पावसात त्याला शोधत धावतायत, दुसरीकडे दोन्ही मुलं गर्दीबरोबर पुढे ढकलली जातायत, आणि ही दोन दृश्यं आलटून पालटून कापलेली. समांतर संकलन मनावर कसं चालतं हे सिनेमावाल्यांना मूकपटांच्या काळापासून ठाऊक आहे. धावणारा वेळेत पोहोचावा असं प्रेक्षकाला वाटू लागतं, मग तो धावणारा कोणीही असो. इथे धावतोय छावणीचा कमांडंट, आणि तो पोहोचावा असं आपल्याला वाटतं ते त्याच्या मुलासाठी. त्या खोलीतल्या बाकी माणसांना ना नाव, ना चेहरा. ती मरणार हे सिनेमाने गृहीतच धरलेलं असतं. ब्रूनोला काहीच कळत नव्हतं, याची किंमत त्या निनावी गर्दीने मोजली आणि शोक मात्र कमांडंटच्या घरात झाला. परीक्षणात लिहायला हवं ते हे. कुंपणात वीज होती का, हा त्यामानाने किरकोळ मुद्दा.

ब्रूनोच्या न कळण्यालाही सिनेमाच्या आतच आधार नाही. घरी येणारा मास्तर नाझी इतिहास शिकवतो, बहीण त्या शिकवणीने बदलते, खोलीत प्रचाराची पोस्टर लावते. ब्रूनोवरून मात्र सगळं अळवावरच्या पाण्यासारखं निथळून जातं. त्या काळी दहाव्या वर्षी जर्मन मुलगा 'युंगफोल्क' या नाझींच्या बालसंघटनेत दाखल होत असे, म्हणजे ब्रूनो त्या उंबरठ्यावरच उभा. अशा घरातला, अशा वयाचा मुलगा कोरा राहिला तर तो कसा राहिला हे दाखवावं लागतं. ते दाखवलं नाही, म्हणजे कोरेपण मुलाचं नाही, पटकथेचं आहे. हा सिनेमा वर्गात दाखवला जातो, म्हणून तर हा हिशेब जास्त काटेकोरपणे करायला हवा.

आता 'नजर' म्हणजे नेमकं काय, ते पाहू. परीक्षणांमध्ये हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी एकाच दमात वापरला जातो. पहिली, कॅमेरा कुठे ठेवलाय. दुसरी, मुलाला त्या क्षणी किती माहीत आहे. तिसरी, हे सगळं कोण सांगतंय. ते मूल, की मोठा झाल्यावर मागे वळून पाहणारा माणूस. तिन्ही जुळतातच असं नाही. निवेदन साठीतल्या माणसाचं, कॅमेरा मोठ्या माणसाच्या उंचीवर आणि माहिती मुलाएवढी, अशी सरमिसळ सर्रास सापडते.

उंचीचं गणित साधं आहे. पाच वर्षांचं मूल साधारण ११० सेंटीमीटर उंच असतं, म्हणजे त्याचे डोळे जमिनीपासून एक मीटरवर. दहा वर्षांच्याचे सव्वा मीटरच्या आसपास. कॅमेरा एक मीटरवर आणून सरळ रोखला तर मोठी माणसं कमरेएवढी दिसतात. पट्टे, हात, बंदुकीचे दस्ते, टेबलाच्या कडा, पातेल्यांचे बूड. चेहरे चौकटीबाहेर जातात आणि आवाज वरून येतात. नेहमीची चूक अशी, की कॅमेरा खाली घेतल्यावर तो वर तिरका केला जातो आणि सिनेमाभर तसाच राहतो. मग प्रत्येक मोठा माणूस राक्षस दिसू लागतो. मूल दिवसभर मान वर करून जगत नाही. ते आपल्या उंचीवरचं पाहतं: दुसरी मुलं, जमीन, खाणं, कुत्री. स्वतः छोटं असल्याचं त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

दुसरी चूक जास्त महागात पडते. मुलाच्या नजरेतून सांगितलेल्या म्हणवणाऱ्या अनेक सिनेमांत कॅमेरा मुलाच्या बाजूने पाहत नाही, तो मुलाकडे पाहतो. स्फोट, क्लोज-अप. आई पडते, क्लोज-अप. डोळे भरतात, आणखी जवळ. असे रिअॅक्शन शॉट मोजून काढता येतात. मूल पाहतंय असे शॉट एका रकान्यात, मुलाने जे पाहिलं ते दाखवणारे दुसऱ्यात. पहिला रकाना दुसऱ्याच्या दुपटीवर गेला की समजावं, मूल इथे पाहणारं उरलेलं नाही, ते पाहण्याची वस्तू झालंय. 'रडवायचा धंदा' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडला तर त्यांच्या तक्रारीला वजन येईल.

हा सापळा फार पूर्वी ओळखला गेला होता. रोबेर्तो रोसेलिनी यांचा 'जर्मनी इयर झीरो' १९४८चा. उद्ध्वस्त बर्लिनमधला एडमंड हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा, 'दुबळ्यांनी मरावं' हे आपल्या जुन्या नाझी मास्तराचं बोलणं शब्दशः घेतो आणि आजारी बापाला विष देतो. त्यानंतरचा सिनेमाचा शेवटचा भाग म्हणजे एडमंडचं एकट्याने भटकणं. तो रस्त्यावर उड्या मारत खेळतो, मुलं त्याला खेळात घेत नाहीत, ढिगाऱ्यात पिस्तुलासारखा दिसणारा तुकडा सापडतो तर स्वतःवर रोखून पाहतो, तुळईवरून घसरतो. समोरच्या इमारतीतून बापाची शवपेटी बाहेर नेताना त्याला दिसते. मग तो वरून उडी टाकतो. या सगळ्यात त्याच्या मनात काय चाललंय हे त्याचा चेहरा सांगत नाही. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझां यांनी १९४९ मध्ये यावर लिहिताना नेमकी हीच गोष्ट पकडली. मुलाच्या चेहऱ्यावर खेळाच्या आणि मरणाच्या खुणा एकसारख्याच दिसू शकतात. आपण त्यात आपल्या भावना वाचतो आणि त्या मुलाच्या आहेत असं समजतो. रोसेलिनी ती सोय करून देत नाहीत, म्हणून बाझां त्यांना मानतात. पंचाहत्तरहून जास्त वर्षं झाली तरी बहुतेक परीक्षणं अजून 'मुलाच्या बोलक्या डोळ्यांवर' अडकलेली आहेत.

मुलाकडून निरागसपणाची अपेक्षा धरली की समीक्षा कशी घसरते, याचा जुना नमुना म्हणजे सोव्हिएत दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की यांचा दुसऱ्या महायुद्धातल्या बालहेरावरचा 'इव्हान्स चाइल्डहूड'. १९६२ मध्ये त्याला व्हेनिस महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णसिंह, विभागून मिळाला, आणि इटलीतल्या डाव्या वर्तमानपत्रांनी त्याच्यावर टीका केली: काव्यात्म आहे, पाश्चात्त्य आधुनिकांची नक्कल आहे. त्यावर फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने 'लुनिता' या इटालियन कम्युनिस्ट वर्तमानपत्राच्या संपादकांना लांबलचक पत्र लिहिलं. मुद्दा सोपा होता. या मुलासाठी वास्तव आणि दुःस्वप्न वेगळी उरलेलीच नाहीत. युद्धाने त्याला घडवलंय, आणि आता तो त्याच्याशिवाय जगू शकत नाही. तेव्हा स्वप्नांचे तुकडे ही सजावट नाही, त्याच्या मनाचा तो खरा नकाशा आहे.

सिनेमाच्या सुरुवातीलाच याचा पुरावा आहे. शत्रूच्या हद्दीतून नदी पोहून आलेला बारा वर्षांचा इव्हान तरुण अधिकाऱ्याला हुकूम सोडतो: मुख्यालयाला फोन लाव. मग खिशातून बिया, काड्या काढून टेबलावर मांडतो. शत्रूच्या तुकड्यांची ती मोजदाद आहे आणि तिच्यावरून तो अहवाल लिहितो. काम उरकलं की जागच्या जागी झोपी जातो, आणि त्याला उचलून नेलं जातं. हेर आणि लेकरू एकाच अंगात, एकाच रात्री. सिनेमाच्या शेवटी बर्लिन पडल्यावरचं खरं वृत्तचित्रण येतं, त्यात हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सच्या मुलांची प्रेतं दिसतात. जिंकलेल्या बाजूच्या सिनेमात शत्रूच्या घरची मेलेली मुलं, तीही १९६२ मध्ये. काव्यात्म म्हणून नाक मुरडणाऱ्यांना यातलं राजकारण दिसायला हवं होतं.

युद्धातली मुलं बऱ्याचदा मोठ्यांपेक्षा जास्त माहितगार असतात, हे बहमन घोबादी यांच्या 'टर्टल्स कॅन फ्लाय' (२००४) इतकं स्वच्छ क्वचितच कुणी दाखवलं असेल. इराक-तुर्कस्तान सीमेवरची कुर्द निर्वासितांची वस्ती, २००३च्या अमेरिकी हल्ल्याच्या तोंडावर. पोरं शेतातले भूसुरुंग काढतात आणि विकतात. कुठल्याला काय भाव हे त्यांना तोंडपाठ. दोन्ही हात गमावलेला एक मुलगा तोंडाने सुरुंग निकामी करतो. पोरांचा म्होरक्या गावाला डिश अँटेना बसवून देतो, आणि इंग्रजी बातम्यांचा अर्थ विचारला की 'उद्या पाऊस पडणार' असं ठोकून देतो. इथे माहितीची फट उलटी आहे. सुरुंगांचा बाजार मुलांना कळतो, प्रेक्षकाला तो त्यांच्याकडून शिकावा लागतो. तरीही या सिनेमाबद्दल 'कोमेजलेलं बालपण' छापाची वाक्यं लिहिली गेली, ती कुठल्याही सिनेमाला लावता येतील अशी आहेत.

याच्या शेजारी कॅरी फुकुनागा यांचा 'बीस्ट्स ऑफ नो नेशन' (२०१५) ठेवा. आफ्रिकेतला एक देश, नाव नाही. आगू नावाचा मुलगा कुटुंब गमावतो आणि बंडखोरांच्या टोळीत सैनिक होतो. आगू झालेल्या अब्राहम अटाहला व्हेनिसमध्ये नवोदित अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तो योग्यच. पण देश निनावी ठेवल्याबद्दल आक्षेप आला, तेव्हा बचाव ओळखीचाच होता: मुलाला राजकारण कुठे कळतं? आगूच्या वयाच्या मुलाला आपल्या देशाचं नाव माहीत असतं. कुठली टोळी कुणाची, रेडिओवर कुणाचं भाषण लागतं, चौकीवर कुठल्या भाषेत बोललं तर जीव वाचतो, हेही माहीत असतं; नसेल तर तो जगतच नाही. मूळ कादंबरीतही देश निनावी आहे, पण तिथेही तो निर्णय लेखकाचाच. नाव वगळणारा मोठा माणूस आहे आणि त्याने कारण पुढे केलं मुलाचं. अभिनयाला पूर्ण गुण द्यावेत, या बचावाला देऊ नयेत.

कंबोडियावरचा अँजेलिना जोली यांचा 'फर्स्ट दे किल्ड माय फादर' (२०१७) हा प्रश्न जास्त प्रामाणिकपणे सोडवतो. पाच वर्षांच्या मुलीच्या उंचीवर कॅमेरा, संवाद ख्मेर भाषेत, सत्ता बळकावणाऱ्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेची रचना समजावून सांगणारं पात्र नाही. 'राजकीय संदर्भ कमी पडतो' ही तक्रार इथेही करता येईल, पण सिनेमा सुरू होतो तोच अमेरिकी बाँबहल्ल्यांच्या आणि निक्सनच्या वृत्तचित्रणाने. मोठ्यांसाठीची माहिती सुरुवातीलाच मोठ्यांच्या खात्यात टाकली आणि मग मुलीपाशी जाऊन बसला. पुढे त्या मुलीला सुरुंग पेरायला शिकवलं जातं. शेवटाकडे पळणारी माणसं सुरुंगांवर पाय पडून उडतात, आणि हे काम आपल्यासारख्या हातांचं आहे हे तिला त्या शेतात उभं राहून कळतं. न कळण्याचा भुर्दंड तिथेच, तिच्यासमोर वसूल होतो.

इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) हा या सगळ्यात सर्वांत चुकीचा वाचला गेलेला सिनेमा असावा. १९४५ मध्ये कोबे शहरावर आगबाँब पडतात, आई जाते, चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको उपासमारीने मरतात. एका बाजूने 'सर्वश्रेष्ठ युद्धविरोधी सिनेमा' असा गजर, दुसऱ्या बाजूने 'जपानने चीन-कोरियात काय केलं ते गाळून स्वतःला बळी म्हणून रंगवलं' असा आरोप. ताकाहाता स्वतः हा युद्धविरोधी सिनेमा नाही असं वारंवार सांगत राहिले, आणि ते दोन्ही गटांना गैरसोयीचं होतं.

उत्तर बँकेतल्या प्रसंगात आहे. आईने ठेवलेले पैसे बँकेत आहेत, ही गोष्ट सेइताला माहीत असते. बहीण खंगत चाललेली असताना तो शेवटचे ३ हजार येन काढायला जातो आणि तिथे, काउंटरवर, त्याला कळतं की जपान शरण आलाय, नौदलाचा ताफा बुडालाय, म्हणजे नौदल अधिकारी असलेला बापही गेला. तोवर हा मुलगा ताफ्याच्या भरवशावर होता. मावशीच्या घरातून तो निघाला तो ताठ्याने. वडील येतील, जपान जिंकेल, तोवर आपण दोघं आपलं भागवू. ज्या युद्धज्वराने देश बाहेर नेला, तोच या पोराच्या अंगात आहे, आणि त्याची किंमत सेत्सुको मोजते. चीन या सिनेमात नाही, ही तक्रार अर्धी खरी. पण साम्राज्याचा माज नाही असं म्हणणाऱ्याने सेइताकडे पाहिलेलं नाही, फक्त त्याच्या बहिणीकडे पाहिलंय. मावशीला खलनायिका ठरवून मोकळं होणाऱ्यांनाही हेच लागू. ती कठोर आहे. पण काम कर, शाळेत जा, हे तिचं म्हणणं चूक नव्हतं.

युद्ध मुलांना मजेशीरही वाटतं. हे दाखवलं की काही समीक्षक अस्वस्थ होतात, आणि ही अस्वस्थता मला कधी कळलेली नाही. १९८७ मध्ये दोन सिनेमे आले. जॉन बूरमन यांच्या 'होप अँड ग्लोरी'त लंडनवर बाँब पडतात आणि पोरं बाँबचे तुकडे गोळा करतात, पडक्या घरांत टोळ्या बनवून उरलंसुरलं फोडतात, शाळेवर बाँब पडल्यावर एक जण हिटलरचे आभार मानतो. स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या 'एम्पायर ऑफ द सन'मधल्या, आईवडिलांपासून तुटून चीनमधल्या जपानी छावणीत अडकलेल्या जिम या इंग्रज मुलाला विमानांचं वेड, इतकं की जपानी वैमानिकांनाही तो सलाम ठोकतो. अमेरिकी विमानं शेजारच्या धावपट्टीवर हल्ला करतात तेव्हा तो छतावर चढून आनंदाने ओरडत असतो. 'युद्ध देखणं केलं', असा ठपका या प्रसंगावर आला. देखणं केलंय हे खरं, पण कुणासाठी देखणं? त्याला छतावरून ओढायला आलेल्या डॉक्टरच्या हातात तो कोसळतो आणि म्हणतो, आईवडील कसे दिसायचे तेच आठवत नाही. विमानांनी भरलेल्या डोक्यात घराला जागा उरली नव्हती. पुढे नागासाकीचा पांढरा प्रकाश त्याला दुरून दिसतो आणि नुकत्याच मेलेल्या बाईचा आत्मा वर चालला असं त्याला वाटतं. अणुबाँब ही चीज त्याला नंतर रेडिओवरून कळते. मधल्या काळात प्रेक्षक एकटाच त्या माहितीसह बसलेला असतो. फट वापरायची ती अशी. सिनेमाचा उरलेला बराच भाग गुळगुळीत आहे, ही टीका मान्य.

विनोदाच्या वाटेने जाणाऱ्यांबद्दल थोडक्यात. रोबेर्तो बेनिन्यी यांच्या 'लाइफ इज ब्युटिफुल'ला (१९९७) तीन ऑस्कर मिळाले आणि 'न्यूयॉर्कर'मध्ये डेव्हिड डेन्बी यांच्यासारख्या समीक्षकांनी त्याला झोडपलं. पण हा मुळात मुलाच्या नजरेचा सिनेमा नाहीच. मुलाला काय दिसू द्यायचं नाही, ते ठरवणाऱ्या बापाचा आहे. धुक्यातल्या प्रेतांच्या राशीपाशी बाप पोहोचतो तेव्हा मूल त्याच्या खांद्यावर झोपलेलं असतं. त्या दृश्याचा विचार न करता 'मुलाच्या निरागस विश्वात' वगैरे लिहिणं म्हणजे पोस्टरवरून परीक्षण करणं.

तायका वैतिती यांच्या 'जोजो रॅबिट'मध्ये (२०१९) मुलगा स्वतः नाझी भक्त आहे, ही चांगली सुरुवात. पुढे मात्र सगळेच नाझी इतके विदूषकी होतात की त्याची भक्ती फुकटात सुटते. तरी एक जागा अशी आहे, की उंचीचं गणित शिकवायला तीच वापरावी. आईचे बूट आधी पुन्हा पुन्हा मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत दाखवलेले आहेत. भिंतीच्या कठड्यावर चालणारे, नाचणारे. जोजोला नाडी बांधता येत नाही, हेही ठसवलंय. म्हणून चौकात तो फुलपाखरामागून येऊन उभा राहतो आणि डोक्याशेजारी फक्त ते बूट लटकताना दिसतात, तेव्हा आईचा चेहरा दाखवायची गरजच उरत नाही. संवाद नाही, क्लोज-अपची ओळ नाही. कॅमेरा कुठे ठेवला, यावर सगळं उभं आहे.

आता एलेम क्लिमोव्ह यांचा 'कम अँड सी' (१९८५). बेलारूस, १९४३, फ्लोरा नावाचा मुलगा बंदूक घेऊन छापामारांत सामील होतो. हा सिनेमा काढायला क्लिमोव्ह यांना सुमारे आठ वर्षं सरकारी चित्रपट खात्याशी झगडावं लागलं. बाँबफेकीनंतर फ्लोराच्या कानात शिटी वाजू लागते आणि प्रेक्षकालाही बराच वेळ तेवढंच ऐकू येतं, ही ध्वनीची करामत सगळे लिहितात. त्यापुढची जागा कमी लिहिली जाते. फ्लोरा आणि छापामारांच्या तळावर भेटलेली ग्लाशा ही मुलगी त्याच्या गावी परततात. घर रिकामं, रस्सा अजून कोमट, माश्या घोंगावतायत, जमिनीवर बाहुल्या. घरचे बेटावर गेले असतील म्हणून तो धावत सुटतो. मागून धावणारी ग्लाशा एकदाच मान वळवते आणि घराच्या भिंतीमागे रचलेली प्रेतं तिला दिसतात. आपल्यालाही, दोनेक सेकंदच. फ्लोराला नाही, तो मागे पाहत नाही. त्याला कळत नाही त्याचा भार ग्लाशावर पडला, आणि पुढचा सगळा चिखल ती तो घेऊन तुडवते. सिनेमा 'अतिरेकी' आहे म्हणणाऱ्यांनी या दोन सेकंदांचा हिशोब द्यावा. अतिरेक करणाऱ्याने कॅमेरा तिथे थांबवला असता.

याच सिनेमाबद्दल एक वाईट सवयही पसरली आहे. खऱ्या गोळ्या वापरल्या, प्रकाशरेषा सोडणाऱ्या गोळ्यांनी गाय खरोखर मारली, मुलगा नऊ महिन्यांच्या चित्रीकरणात खरंच म्हातारा दिसू लागला, हे सगळं कौतुकाने सांगितलं जातं. डोक्यावरून गोळ्या गेल्या, ही पौगंडातल्या मुलाच्या बाबतीत कौतुकाची बाब होत नाही. पडद्यावरचा परिणाम मेकअप, वाइड लेन्स, कॅमेऱ्यात थेट रोखलेली नजर आणि ध्वनी यांनी साधलाय, आणि ते पडद्यावर तपासता येतं. गोळ्या खऱ्या होत्या की खोट्या, हे पडद्यावर दिसतही नाही.

बालकलाकारांचा प्रश्न 'फर्स्ट दे किल्ड माय फादर'च्या वेळीही उठला. निवडचाचणीत मुलांसमोर पैसे ठेवून ते उचलायला लावलं, मग पकडल्यावर सबब सांगायला लावली, असं 'व्हॅनिटी फेअर'ने २०१७ मध्ये छापलं. तो सिनेमातल्या प्रसंगावर बेतलेला अभिनयाचा सराव होता आणि मुलांना ते माहीत होतं, असं जोली यांचं उत्तर. मासिक आपल्या वृत्तावर ठाम राहिलं. अशा बातम्यांवरून सिनेमाचे तारे कापू नयेत. पण निर्माते मुलाच्या खऱ्या भीतीची जाहिरात करत असतील, तर तो भाग परीक्षणात आलाच पाहिजे: सेटवर मुलाला काय सांगितलं होतं, पालक हजर होते का, भीतीचे प्रसंग तुकड्यांत घेतले की सलग. 'द काइट रनर'च्या (२००७) वेळी तर बालकलाकारांच्या सुरक्षेसाठी प्रदर्शन पुढे ढकलावं लागलं होतं आणि मुलांना अफगाणिस्तानबाहेर हलवावं लागलं होतं.

व्हात्स्लाव मारहौल यांच्या 'द पेंटेड बर्ड'ची (२०१९) परीक्षणं तर कितीजण उठून गेले याच्या मोजणीतच संपली. १६९ मिनिटं, कृष्णधवल, जवळजवळ मुका मुलगा आणि एकामागून एक क्रौर्याचे प्रसंग. उठून जाण्याने काही सिद्ध होत नाही. दोष आहे तो असा, की मुलगा प्रसंगांना टांगायची खुंटी झालाय. एका गावात जे पाहिलं त्याने पुढच्या गावातलं त्याचं वागणं फारसं बदलत नाही, ते बदलतं शेवटाकडे, एकदम. प्रसंगांचा क्रम मधल्या भागात अदलाबदल केला तरी फरक पडणार नाही, आणि हे कागदावर लिहून कुणालाही तपासता येईल.

परीक्षणाला जागा सहसा सहाशे-सातशे शब्दांची मिळते. सेटवरच्या दंतकथा गाळल्या, पुरस्कारांची यादी एका ओळीत बसवली आणि 'निरागस' हे विशेषण कथानकाच्या सारांशातून काढलं, तर एका प्रसंगाचं बारकाईने वर्णन करायला दोनशे शब्द उरतात. त्यात मुलाला त्या क्षणी काय माहीत आहे, आपल्याला काय माहीत आहे आणि मधल्या फटीत कोण मेलं, एवढं मावतं.